एका शब्दाचं उत्तर

परतूरच्या स्टेशनवर जालन्याचे एक जुने कारकून भेटले आणि चहाचा पेला हातात घेत सहज म्हणाले, "तुमचे दिगंबरराव गेले की हो. तीन दिवसांचा ताप, बस." 'तुमचे' म्हणाले. मी नुसतं "अरेरे" म्हटलं आणि गाडी आली का ते बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. गेली सात वर्षं मी दिगंबरशी बोललो नव्हतो, आणि मी का बोलत नाही हे त्याला कळू नये, याचीही मी चोख व्यवस्था केली होती.

आमची दोस्ती जालन्याच्या कचेरीतली. दोघांचं शिक्षण उर्दूतून. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि ज्या फायलींवर आम्ही उजवीकडून डावीकडे लिहीत होतो त्यांवर आता डावीकडून उजवीकडे, तेही इंग्रजीत, लिहायचा हुकूम आला. इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर आहात तिथंच राहा. दिगंबर रोज बदनापूरहून गाडीनं यायचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही मागच्या लिंबाखाली बसायचो, भाकरी खायचो आणि एका वहीत रोज एक इंग्रजी शब्द त्याच्या सगळ्या भावकीसकट लिहायचो. 'क्लोज'चा दिवस मला अजून आठवतो. शट, एंड, फिनिश असे त्याचे भाऊबंद लिहून झाले आणि दिगंबर हसायला लागला. "माधव, आपलं बघ. दार लावतो, डोळे मिटतो, दिवा मालवतो, डबा झाकतो, दुकान तर वाढवतो! आन् हा इंग्रज बिचारा एका क्लोजवर समदं भागवून राह्यला." मी हेडक्लार्कांना विचारून आलो की शट म्हणजे आदळून आणि क्लोज म्हणजे हळू. फाईल संपली की तिच्यावर 'क्लोज' लिहून सही करायची, एवढं मला पक्कं झालं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो म्हणतात, तसा.

परीक्षेत दिगंबर पास झाला, मी नापास. वर माझी बदली परतूरला. निरोपाच्या चहाला चारचौघांत तो म्हणाला, "माधव अजून एबीसीडीच्याच ठेसनात थांबून राह्यला. पन येईल, गाडी लेट हाय." सगळे हसले, मीही हसलो. पण राग माझ्या नाकावरच असतो, आणि तो त्या दिवशी तिथून हलला नाही. निघताना त्यानं पाठीवर हात ठेवून बजावलं, "आता तुला पत्र लिहीन तर इंग्रजीतच. बिलकुल सोडनार न्हाई."

महिन्याभरानं पत्र आलं. चार ओळी, अक्षर मोत्यासारखं. शेवटचं वाक्य होतं, 'यू आर फार. अवर फ्रेंडशिप इज क्लोज.' मी अर्थ लावला... तू लांब गेलास, आपली मैत्री बंद. पुन्हा वाचलं, तोच अर्थ निघाला. कुणाला विचारावं तर आपलं अज्ञान उघडं पडणार. मग मी एक कार्ड घेतलं, त्यावर फायलीवर लिहितात तसा एकच शब्द लिहिला, 'क्लोज', खाली सही ठोकली आणि टपालात टाकून दिलं.

पुढच्या वर्षी तो परतूरला आला. मी आतल्या खोलीत होतो. बायकोला खुणेनं सांगितलं, जांब समर्थला गेलेत म्हण. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मुलीसाठी आणलेले पेरू दिले. "मंग ऱ्हाऊ द्या वहिनी. दिगंबर आल्ता एवढं सांगा," असं म्हणून उन्हातच उठला. त्याच्या वहाणांचा आवाज कोपऱ्यापर्यंत मी ऐकत होतो. नंतर कितीदा तरी गाडीनं बदनापूरवरून गेलो. स्टेशन आलं की डोळे मिटून घ्यायचो.

गेल्या थंडीत माझी मुलगी मोठ्यानं धडा वाचत होती. 'अवर स्कूल इज क्लोस टु द टेंपल.' मी म्हणालो, "क्लोस नाही, क्लोज म्हण. अन् देवळापायी शाळा बंद ठेवली का काय?" ती खदखदून हसली. "बाबा, इथं क्लोस म्हनायचं. अक्षरं तीच, पन अर्थ जवळ!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तू लांब आहेस, तरी मैत्री जवळचीच... दिगंबरनं केवढ्या हौसेनं ते वाक्य जुळवलं असेल! दुसऱ्याच दिवशी गाडीत बसायला हवं होतं. पण लाज वाटली. काय सांगणार होतो? मार्चअखेरीचं काम उरकू दे, मग निवांत जाऊ, असं स्वतःला समजावलं. मार्च संपायच्या आत तो संपला.

परवा बदनापूरला दिगंबरच्या घरी जाऊन आलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या आणि त्याच्या पेटीतून माझं कार्ड घेऊन आल्या. "लई जपून ठिवलं होतं त्यांनी. म्हनायचे, माझ्या चार वळींना माधवनं एका शब्दात उत्तर दिलं, त्याचं इंग्रजी माझ्याहून भारी." त्या पुढे म्हणाल्या, "पन परवा भेटायला मास्तर आल्ते. त्यांनी वाचलं, म्हनले यात 'बंद' लिव्हलंय. खरं सांगा भावजी, तुम्ही काय लिहिल्तं?"

"जवळ," मी म्हणालो. "जवळ असंच लिहिलं होतं, वहिनी."

त्यांनी कार्ड पदरानं पुसलं. "वाटलंच मला," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं माझ्याकडे बघून, रागानं नाही, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "मंग इतकी वर्सं आलात का न्हाई, भावजी?"

गाडीची वेळ झाली, असं सांगून मी उठलो. गाडीला अजून दोन तास होते.