नऊ मीटर हेडवरचा संसार

आमच्या घरात गेल्या बावीस वर्षांत धड आकाराची साबणाची वडी कुणी पाहिलेली नाही. नवी वडी आणली की आमचे हे तिच्यातून पंपाचा पंखा कोरतात. विहिरीत बुडवून चालवायच्या पंपांचं डिझाइन करणं हा ह्यांचा पोटापाण्याचा उद्योग. त्या साबणाच्या पंख्याची पाती अंघोळीत आम्हाला पाठीला टोचतात. ह्यांच्या भाषेत पाणी जेवढं वर चढवायचं तेवढं ‘हेड’, म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत नाही, नऊ मीटर हेडवर राहतो. आणि रोज जेवताना पंपांवर व्याख्यान. ताट वाढलेलं असतं, त्यामुळे पळताही येत नाही.

यंदाचा पंखा मात्र ह्यांचा जीव की प्राण होता. पात्यांमधली वाट रुंद केली होती, म्हणजे गढूळ पाण्यातली वाळू अडकून पंप बसणार नाही. अकरा महिने खपून, चार वेळा ड्रॉइंग फाडून तो तयार झाला. कारखान्यातल्या टाकीत झकास चालला. पण मालक म्हणाले, "टाकीत काय, कुणीही पोहतं. खऱ्या विहिरीत दाखवा. नाही जमलं, तर जुनंच मॉडेल चालू ठेवू." दुसरी संधी मिळणार नाही, हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी विहीर म्हणजे माझ्या नणंदेची. ताईंचे दोन पंप वाळूनं खाल्ले होते. लहानपणी ह्यांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं ते अजून बंद आहे, एवढीच ताईंना भावाच्या विद्येची माहिती.

ठरल्या सकाळी आम्ही दोघं आणि मालक विहिरीवर पोहोचलो आणि पंप दोरानं आत सोडला. वायरमननं तीन वायरी जोडल्या. ह्यांनी स्विच दाबला. दोनशे लिटरचं पिंप चाळीस सेकंदांत भरायला हवं होतं. पाणी आलं, पण उपकार केल्यासारखं. दीड मिनिट झालं तरी पिंप अर्धंच.

"घड्याळ उघडलंस तेव्हाही तोंड असंच झालं होतं," ताई म्हणाल्या.

हे अर्ध्या पिंपाकडे बघत राहिले. ह्यांचं बोलणं सोसायची मला सवय आहे, गप्प बसणं सोसवत नाही.

"बंद करा आणि काढा वर," मालक म्हणाले. "बघायचं ते बघितलं."

ह्यांनी स्विच बंद केला आणि स्वतःच दोराला हात घातला.

"अहो," मी म्हटलं, "उलटा तर फिरत नव्हता ना?"

"काय?"

"तुम्हीच सांगता ना! तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पाणी येतं, पण मरतुकडं. पंप बुडालेला, म्हणून डोळ्यांना दिसत नाही."

हे वायरमनकडे वळले. "दिशा तपासली होती?"

"मला वाटलं, तुम्ही तपासली. मोटर तुमची, साहेब."

कारखान्यातल्या टाकीवर वायरींच्या जागा ठरलेल्या. तिथे मोटर सरळच फिरते. बावीस वर्षांत ह्यांच्यावर दिशा तपासायची वेळच आली नव्हती. आणि पंपाच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘आधी दिशा तपासा’ असं लिहिणारे हेच! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वायरमननं दोन वायरी बदलल्या. पुन्हा स्विच. या वेळी पाणी पिंपाचा तळ बडवतच आलं. अडतीस सेकंद! ताईंच्या चपला भिजल्या, तरी त्या हलल्या नाहीत.

"जा, घड्याळाचं माफ," त्या म्हणाल्या.

मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! वेळेवर लक्षात आलं तुमच्या."

"माझ्या कुठलं? हिच्या," हे म्हणाले. माझी मान कशी ताठ झाली म्हणून सांगू!

परतताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "तू ऐकत होतीस? सगळं?"

"बावीस वर्षं. ताट सोडून जाणार कुठे?"

"मला वाटायचं, मी भिंतीशी बोलतोय."

"मग बोलणं बंद का नाही केलंत?"

हे खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"जेवण झालं तरी तू उठायची नाहीस ना," म्हणाले.