उजवा कफ

माझे वडील डावखुरे होते. घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचे. महाल भागातले आमचे शिंपी त्यांच्या प्रत्येक शर्टाचा उजवा कफ बोटभर सैल ठेवत, घड्याळ आत मावावं म्हणून. बाकी जगाचा डावा कफ सैल असतो, आमच्या घरात उजवा.

दुसरा हट्ट रंगाचा. घड्याळाचा पट्टा तपकिरी, म्हणून बूट तपकिरी, कमरेचा पट्टा तसाच आणि शर्ट बदामी नाहीतर चहाच्या रंगाचा. कापडाच्या दुकानात ते उलगडलेल्या ठाणावर मनगट ठेवून कितीतरी वेळ उभे राहायचे, आणि मी शरमेनं रस्त्याकडे पाहत बसायचो. "घड्याळ एकच आहे, कपडे दहा येतात," ते म्हणायचे. "मंग कोणं कोणाशी जुळवून घ्यावं?"

टेरिकॉटची हवा होती तेव्हाची गोष्ट. नुकतीच नोकरी लागली होती आणि मी स्वतःच्या पसंतीनं निळं कापड आणलं. सकाळी ऑफिसला निघता निघता वडिलांनी त्यावर मनगट ठेवलं. "जुळत नाही," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मंग घड्याळ काढून ठेवा ना. शर्ट मले घालायचा आहे, तुमच्या घड्याळाले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांतपणे घड्याळ काढलं, फळीवर ठेवलं आणि गेले. रिकाम्या मनगटानं त्यांना बाहेर पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी ऑफिसातच त्यांच्या छातीत कळ आली. संध्याकाळी त्यांना घरी आणलं तेव्हा उन्हानं रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या जागेचा पांढरा पट्टा तेवढा उमटून दिसत होता. मीच बाही खाली ओढली.

कापड पेटीत गेलं. घड्याळ मी डाव्या हातात घालू लागलो, पण पट्ट्याला त्यांच्या हाताचं वळण पडलेलं. तबकडी सारखी घसरून आतल्या बाजूला जायची. घरी आल्यावर ते फळीवर ठेवलं की आत कोणाचा तरी हात असल्यासारखं गोल बसायचं. मी दाबून सपाट करायचो, सकाळी पुन्हा गोल. चामडं असंच वागतं, हे मलाही कळतं. तरी त्या फळीकडे पाठ करून मला झोप लागत नसे.

वर्ष सरलं. मुलगी पाहायला रामटेकला जायचं ठरलं, तेव्हा आईनंच ते कापड बाहेर काढलं. त्या सकाळचं भांडण तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. "शिवून घे," ती म्हणाली. "किती दिवस पेटीत ठेवशीन?"

शर्ट आणायला गेलो तो मे महिना. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानात शिंपी एकटेच, मशीनवर वाकलेले. मी शर्ट अंगात घातला. खांदे, बाह्या अगदी मापात. पण डाव्या कफाचं बटण घड्याळावरून काही केल्या लागेना. उजवा कफ बोटभर सैल होता.

मी चिडलो. "मास्टर, जुन्या मापानं कापला का? मी घड्याळ डाव्या हातात घालतो."

त्यांनी मशीन थांबवली. "माप तुयंच आहे. उजवा कफ तेवढा त्यायनं सांगतला."

"कोणं?"

"तुया बाबूजीनं."

"मास्टर, तुम्ही त मातीले आले होते."

"आलो होतो. खांदा बी देल्ला. म्हणूनच काही बोललो नाही." ते सुईत दोरा ओवत सांगत होते, गिऱ्हाईक येऊन गेल्याचं सांगावं तसं. "अशीच दुपार होती. आले, त्या बाकावर बसले, कापड मागतलं. आता गेलेल्या माणसाशी वाद कोणं घालावं?"

बाक माझ्या अगदी मागे होता. वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

"हातात घड्याळ होतं?" मी विचारलं.

"नाही. नुसतं मनगट ठेवलं कापडावर. पांढरं पडलं होतं. घड्याळ घरी राह्यलं, म्हणे."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईनंही सांगितलं नसणार. आणि ती बाही तर मीच खाली ओढली होती. मला भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती पुढच्या प्रश्नाची होती. वर्षभर तो एकच प्रश्न माझ्या घशात अडकून बसला होता.

"रागात होते का?"

शिंप्यांनी सुईचा दोरा दातानं तोडला. "ते काही समजलं नाही गा. लई वेळ पाहत राह्यले. जुळत नाही, म्हणे." आणि सुई गळपट्टीत खोचत म्हणाले, "मंग उठले. जुळत नाही, तरी शिवजा, म्हणे."

मला तिथंच, उभ्याउभ्या रडू कोसळलं. शिंप्यांनी मशीन पुन्हा सुरू केली, त्यांनी तेवढी माणुसकी दाखवली. बऱ्याच वेळानं मी घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधलं. तबकडी पहिल्यांदाच जागेवर राहिली, आणि कफाचं बटण लागलं.