नणंद पुढे, मी मागे

मंडळी, आज मी नुसती जळतेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

सकाळी चहा घेत होते, तेवढ्यात अमेरिकेतल्या नणंदेचा व्हिडिओ आला. तिकडे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून लांबच लांब कच्चा रस्ता केलाय. त्यावरून बाईसाहेब एटीव्ही पळवतायत, म्हणजे ती चार जाड चाकांची मोटरसायकल! कॅमेरा तिच्या हेल्मेटवर. मागच्या सीटवरून तिचा नवरा ओरडतोय, "अगं, हळू!"

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "आजच जायचं. वाळवंट काय नुसतं बघायला आहे?"

दुपारी शारजाच्या घरून रास अल खैमाच्या वाळवंटात पोचलो. तिथे एटीव्ही भाड्याने देणाऱ्या पठाण गाइडने विचारलं, "मॅडम, आप को अलग गाडी दूं?"

आणि मी काय म्हणावं? "नहीं भैया, ये चलाएंगे."

अहो, इथलं लायसन्स मी पहिल्याच टेस्टला काढलं. ह्यांना चौथ्या टेस्टला मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले! रोज दुबईच्या ट्रॅफिकमधून गाडी मीच नेते. तरी कॅमेरा लावलेलं हेल्मेट घातलं आणि मुकाट मागे जाऊन बसले. कुणी सांगितलंही नव्हतं.

घरी आल्यावर ऐटीत फॅमिली ग्रुपवर माझा व्हिडिओ टाकायला गेले. नणंदेच्या व्हिडिओत नाकासमोर सरळ रस्ता दिसतो. माझ्या व्हिडिओत पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्यांचा घामेजलेला शर्ट.

टाकलाच नाही. बायांनो, खरं सांगा, तुमच्या व्हिडिओत काय आहे, रस्ता की शर्ट?