चांद्याचं बी

हर्षाबाईंचा हात मोठा. पाहुणा "पुरे, पुरे" म्हणत असताना त्याच्या ताटात भाताचा आणखी एक ढीग पडणार, चहात साखर जास्तच, आणि पोराला ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा अर्धा चमचा औषध अधिक. "काऊन हात आखडता घ्याचा?" असं त्यांचं म्हणणं. ब्रह्मपुरीत या गुणाचं कौतुकच झालं. विहारातल्या जेवणावळीत वाढायला पहिली हाक त्यांनाच असते.

नोकरी मात्र अशी मिळाली, की तिथं हा हात बांधूनच ठेवायला हवा. सिंदेवाहीच्या वाटेवर गुरांच्या पैदाशीचं एक छोटं केंद्र आहे. वळूचं वीर्य घ्यायचं, अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळायचं, बारीक नळ्यांत भरून गोठवायचं. कितीही स्वच्छता राखली तरी वीर्यासोबत थोडे जंतू येतातच आणि बी नासवतात. म्हणून द्रावणात मोजून अँटिबायोटिक घालतात. ते द्रावण हर्षाबाई करायच्या, आणि इतकी वर्षं त्यांनी ते चोख केलं होतं.

मग चांद्या आला. दादाजी नावाच्या शेतकऱ्याचा गावरान वळू. लम्पीच्या साथीत त्याच्या वाणाची बाकी गुरं गेली, हा एकटा उरला. चिखलात न रुतणारा, मूठभर भाताच्या तणसावर दिवस काढणारा. पण दादाजींना तो औताला हवा होता, आणि औताला जुंपायचा तर खच्ची करणं आलंच. नाहीतर बांधावरची गाय पाहून औतासकट पळायचा. भाताच्या बांध्यांची चिखलणी तोंडावर आलेली. तरी ते थांबले. "आधी याचं बी ठेवा जी, मंग करतो खच्ची," म्हणाले.

नुकत्याच एका वळूच्या सगळ्या नळ्या जंतूंपायी फेकाव्या लागल्या होत्या. हर्षाबाईंच्या मनातून ते जात नव्हतं. त्यात चांद्या पडला शेणामातीत लोळणारा. त्यांनी अँटिबायोटिक मोजून घातलं, आणि हात थांबेना. एवढ्या मोलाचं बी, असू दे थोडं जास्त, म्हणून तेवढंच आणखी घातलं. जास्त झालं तर ते बीलाही मारतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माया दाटून आली की ठाऊक असलेलं कुठं आठवतं!

नळ्या गोठल्या आणि बाईंना राहवेना. तपासणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, पण त्याआधीच त्यांनी फोन लावला. "झालं, दादाजीभाऊ! चांद्याचं बी राह्यलं. आता बिनधास्त कामाले लावा त्याले."

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डॉक्टर दिव्यानीबाईंनी एक नळी कोमट पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही हलेना. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, तेच. हर्षाबाई पुढे झाल्या.

"मॅडम, दवाई मी दुप्पट टाकली."

डॉक्टर खूप रागावल्या. मग म्हणाल्या, "वळू तर आहे ना? पुन्हा घेऊ."

दादाजींचा फोन लागेना. हर्षाबाई मिळेल त्या जीपनं गावी पोचल्या. मोहाच्या झाडाखाली चांद्या मागचे पाय फाकवून, मान खाली घालून उभा होता. सकाळीच खच्ची केला होता.

दादाजींनी बाज पुढे ओढली. "बसा, बाई. पह्यली नळी आमच्याच गाईले द्या बरं."

हर्षाबाईंनी बसल्याबरोबर सांगून टाकलं, बी मेलं म्हणून. उलट दादाजींनीच बाईंची समजूत काढली, "थंडी सहन नाई झाली असन त्याले. तुमी तरी काय करान?"

हो म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. पण ते त्यांच्या तोंडून निघेना. "थंडी नाई, भाऊ. दवाई जास्त झाली. माह्या हातानं."

दादाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला. चांद्याची बादली उचलून विहिरीकडे जाताना तेवढं म्हणाले, "फोन नसता केला तं मी थांबलो असतो, बाई."