आल्बान आणि दातांचा डॉक्टर

आल्बान सेन्फ्टर माझ्या वर्गात होता. पुढे तो गावचा बर्फ हटवायचा ट्रक चालवू लागला, मी डोंगरावरचा निवारा चालवायला घेतला. दोघांचं पोट बर्फावरच, पण तो बर्फ बाजूला सारायचा आणि माझ्याकडे लोक बर्फासाठी यायचे. त्याच्या बायकोचंही तसंच. बुर्गा गाईड होती. परदेशातून आलेल्या लोकांना घेऊन ती स्कीवरून डोंगर ओलांडायची. या निवाऱ्यातून त्या निवाऱ्यात, जिथे ना रस्ता, ना तारेवरचा पाळणा, ना माणूस, अशा मुलखातून आठवडाभर हिंडायची आणि उन्हानं काळी होऊन परत यायची.

आल्बानला हे सोसत नव्हतं. त्याला कारण होतं. बुर्गाला स्की शिकवली ती त्यानंच. लग्नाआधी देवळामागच्या उतारावर तो तिला दिवसदिवस पाडायचा आणि उठवायचा. चढताना स्कीच्या तळाला पट्ट्या कशा चिकटवायच्या, बर्फाला काठी टोचून आतला थर कसा ओळखायचा, सगळं त्यानं दाखवलं. तेव्हा खोऱ्यात त्याच्यासारखं उतरणारा कोणी नव्हता. मग बाप गेला, गोठा गळ्यात पडला, आणि जंगलात झाड पाडताना एक ओंडका त्याच्या गुडघ्यावरून गेला. तो खाटेवर पडून होता त्या वर्षी बुर्गानं गाईडची परीक्षा दिली आणि पास झाली. आल्बाननं तिला मिठी मारली. पण ती मिठी मारताना त्याचं तोंड कसं झालं होतं, ते मी पाहिलंय.

घरात त्याची थोरली बहीण होती, झेंझी. लग्न केलं नाही, गाई सांभाळल्या आणि जिभेला धार लावली.

"तुझी बायको परक्या पुरुषांना दोरीला बांधून हिंडवते," ती म्हणायची. "आणि तू इथं शेण काढ."

"धंदा आहे तिचा," आल्बान म्हणायचा.

"धंदाच म्हणते ना मी!"

आणि मग तो लीवन आला. गेंट शहरातला दातांचा डॉक्टर, बेल्जियमचा. उंच, हडकुळा, टकलावर टोपी. दर वसंतात तो बुर्गाच्या तुकडीत असायचाच. दुसरे गाईड स्वस्तात नेत असले तरी हा हिच्याकडेच. आमच्याकडे एक रीत आहे, डोंगरात ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो न्यायाधीश का असेना. खाली उतरलं की पुन्हा अहो-जाहो. लीवन मात्र खाली आल्यावरही बुर्गाला 'तू' म्हणायचा. आल्बानला ते कुसळासारखं टोचायचं.

त्यात गेली तीन वर्षं मार्चमधल्या एका ठरलेल्या तारखेला त्याचा फोन यायचा. तो बुर्गाचा वाढदिवस नव्हता, की तिच्या नावाच्या संताचा दिवसही नव्हता. झेंझी फोन उचलायची आणि अंगणभर ओरडायची, "बुर्गा, तुझे दात बोलावतायत!" बुर्गा फोन घेऊन मागच्या खोलीत जायची, थोडंसंच बोलायची आणि बाहेर आली की गप्प असायची. आल्बाननं कधी विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मनात काटा घेऊन हिंडणाऱ्याला तो काढून घ्यायचीही लाज वाटते.

त्या वर्षी तुकडीतला एक जण तापानं पडला. जागा रिकामी झाली. जेवताना बुर्गा म्हणाली, "आल्बान, तूच चल."

"मी? माझा गुडघा?"

"गुडघा चढायला चालतो. उतरताना हळू ये. इथं बसून तुला जे दिसतं, ते तिथं दिसतं का बघ तरी एकदा."

"आणि गाई?"

"गाई माझ्याच आहेत," झेंझी म्हणाली. "जा, जा. डोळ्यांनी बघून ये आणि मला सांग."

पहिल्या दिवशी ते माझ्या निवाऱ्यावर चढून आले. बुर्गानं आल्बानला रांगेत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. अनुभवी माणूस मागे असलेला बरा, असं तिचं म्हणणं. त्याला ती शिक्षा वाटली. लीवन तिच्या पाठोपाठ, पुढे. वाटेत त्याच्या बुटाची कळ नीट बसेना, तर बुर्गानं बर्फात गुडघे टेकून ती बसवून दिली. हे आल्बाननं मला माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी करंज्या वळत होते, आमच्याकडच्या, पालक भरून उकडतात त्या.

"मेना, मी खाटेवर होतो तेव्हा माझ्या पायात मोजे झेंझी घालायची. ही नाही."

"ती तेव्हा परीक्षेला गेली होती."

"आणि हसते काय! तू ऐकलंस ना तिचं हसणं? घरी हसते का असं?"

"घरी तू तिला हसवतोस का?"

त्यानं एक कच्चीच करंजी तोंडात घातली आणि निघून गेला.

खरं सांगायचं तर त्यांच्यात वावगं काही मला दिसलं नाही. बुर्गा सगळ्यांशीच तशी होती. पण एक मात्र होतं. लीवन आणि ती बोलत नसत तेव्हाही एकमेकांवर लक्ष ठेवून असत. ती दाराबाहेर गेली की तो मान वर करून बघायचा. हे मला दिसलं, मग आल्बानला दिसणारच.

दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या शिखरावर जाऊन पुन्हा माझ्याकडेच मुक्कामाला येणार होते. उतरताना एक मोठा उतार लागतो, मधोमध खडकाचा कणा असलेला. बुर्गानं सगळ्यांना थांबवून सांगितलं, एकेकानं, कण्याच्या उजव्या अंगानं, तिनं खाली पोचून हात केल्यावर. ती उतरली. तिनं हात केला. लीवन निघणार, तेवढ्यात आल्बान त्याला ओलांडून पुढे घुसला आणि डावीकडून उतरला. लहानपणापासूनचा ओळखीचा उतार. डावीकडे बर्फ अस्पर्श होता, वळणं सुंदर उठली असती. दोन वळणं उठलीही. मग पायाखालून आवाज आला, पोत्यावर कोणी धपकन बसावं तसा, आणि उतारावर एक रेघ उमटली. बर्फ खचला, पण लोट होऊन खाली सुटला नाही. का सुटला नाही ते देवाला ठाऊक.

तो खाली आला तेव्हा बुर्गा पांढरीफटक पडली होती. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "इथं मी गाईड आहे. पुन्हा असं केलंस तर गळ्यात दोरी बांधून नेईन, बैलासारखा."

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मी जवाचं सूप वाढत होते. तुकडीत आल्मूट नावाची एक बाई होती, ब्रेमेनला औषधांचं दुकान चालवायची, भली आणि बोलघेवडी. शांतता तिला सोसवेना. ती आल्बानकडे वळून म्हणाली, "बुर्गावर रागावू नकोस. आज तिचा चेहरा अगदी त्या वर्षीसारखा झाला होता. आम्ही तिला बाहेर काढलं ना, तेव्हा अशीच दिसत होती. तुला तर घरी ऐकूनच केवढं धस्स झालं असेल!"

आल्बाननं चमचा खाली ठेवला. "कुठून बाहेर काढलं?"

आल्मूटचा हात तोंडावर गेला. बाकीचे सुपात बघू लागले. मलाही यातलं काही माहीत नव्हतं. ते त्या वर्षी दुसऱ्या वाटेनं गेले होते.

बुर्गा म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी. मी पुढे होते. उतारावरचा बर्फ सुटला आणि मी त्यात गाडले गेले. यांनी मला काढलं. काही मोडलं नव्हतं."

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये."

तो उठला आणि माझ्या लाकडांच्या खोपटात जाऊन ओंडके फोडू लागला. मी मागोमाग गेले, फोडलेलं रचायच्या निमित्तानं. थोड्या वेळानं लीवन दारात येऊन उभा राहिला. बर्फानं डोळे लाल झालेला, खांदे पाडलेला.

"तिला कोणी काढलं?" आल्बाननं कुऱ्हाड न थांबवता विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी."

"पहिला हात कोणाचा?"

लीवन म्हणाला, "माझा."

कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहिली. आल्बान म्हणाला, "म्हणून फोन करतोस."

"हो. ती जिवंत आहे ना, एवढं ऐकायला. वेडेपणाच आहे." मग तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. तीन वर्षं विचारीन म्हणतोय. शेक्की कोण?"

"काय?"

"तोंडातला बर्फ काढला आणि ती पहिल्यांदा बोलली ते हेच. शेक्कीला बाळ झालं का, असं काहीतरी. तुमची बोली मला नीट कळत नाही. मला वाटलं तुमची मुलगी असेल, आणि तिचं काही वाईट झालं असेल. म्हणून धीर झाला नाही."

"शेक्की गाय आहे," आल्बान म्हणाला. "त्या दिवसांत व्यायला झाली होती."

"गाय?"

"ठिपक्यांची."

मला हसू फुटलं, लीवनलाही. आल्बान हसला नाही. त्यानं विचारलं, "माझं नाव घेतलं का तिनं?"

काही माणसांना वेळेला खोटं बोलता येत नाही. लीवननं खरंच आठवून पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

आल्बाननं मान हलवली, कुऱ्हाड ओढून काढली, आणि सगळा ढीग संपेपर्यंत फोडत राहिला. पुढचा महिनाभर मला लाकूड पुरलं.

सकाळी मी थर्मासमध्ये चहा भरत होते. बूट ठेवायची खोली शेजारीच, मधे फळ्यांची भिंत. आतलं सगळं ऐकू येतं.

"मला का सांगितलं नाहीस?" आल्बान विचारत होता.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्यानं एक बूट जमिनीवर आपटला. मग म्हणाला, "पुन्हा जाऊ दिलं नसतं."

"तेच."

"पण त्याला माहीत होतं! त्या दातवाल्याला! तुझ्या मरणातलं त्याला माहीत आणि मी तुझ्या शेजारी झोपतो, मला माहीत नाही. तू मेली असतीस तर मला फोन त्यानं केला असता, बुर्गा. त्याच्याकडून कळलं असतं मला."

"हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी खूप दिवस घाबरले होते, आल्बान. रात्री उठून गोठ्यात जाऊन बसायचे. पण तुझ्यासमोर घाबरले असते तर तुला बरं वाटलं असतं. ते मला नको होतं."

बुटांच्या कळा बसल्याचे आवाज आले, आधी दोन, मग दोन. ते बाहेर आले तेव्हा ती पुढे गेली आणि तो आपणहून रांगेच्या शेवटी उभा राहिला. उरलेला आठवडा त्यानं तिनं आखलेली रेघ सोडली नाही, असं आल्मूट मला नंतर म्हणाली.

मत्सर गेला, असं मात्र समजू नका. त्यानं फक्त कूस बदलली. घरी येताच आल्बाननं छातीला बांधायचं ते शोधयंत्र विकत घेतलं, गाडलेल्या माणसाचं ठिकाण दाखवणारं. दुसरं बुर्गाचं होतंच. ते तो दुधाच्या रिकाम्या किटलीत घालायचा, झेंझीला ती गोठ्यामागच्या बर्फात पुरायला लावायचा आणि मग लंगडत लंगडत शोधायचा.

"मेल्या, किटली हरवलीस तर दूध कशात घालू?" झेंझी ओरडायची. "त्या डॉक्टरच्या टोपीत?"

पण पुरायची. पुढे पुढे तर ती मुद्दाम अवघड जागी पुरायची आणि खिडकीतून बघत बसायची. किटली सापडेपर्यंत जेवण वाढायची नाही.

पुढच्या वसंतात लीवन आला तेव्हा आल्बाननं त्याला घरी जेवायला बोलावलं. मीही खाली उतरले होते. अजून टोपीही काढली नव्हती त्यानं, तर आल्बान म्हणाला, "चल गोठ्यामागे. आत यंत्रं घालून दोन पिशव्या पुरल्यात. बघू कोणाची आधी निघते."

बुर्गानं कपाळाला हात लावला. आम्ही सगळ्या बायका कुंपणाशी उभ्या राहिलो. आल्बान तावातावानं सुटला. लीवन अजिबात घाई न करता, यंत्र बर्फालगत धरून, वाकून चालत गेला. एकदा वळला, दोनदा वळला, काठी टोचली, फावडं मारलं आणि पिशवी वर काढली. आल्बान अजून तिरका तिरका फिरत होता.

"कुठं शिकलास हे?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"समुद्रावर. आमच्याकडे डोंगर नाहीत. रविवारी बुटात यंत्र घालून तो वाळूत पुरतो आणि शोधतो. लोक हसतात."

"कशाला पण?"

लीवननं पिशवीवरचा बर्फ झटकला. "कारण त्या दिवशी मला काही जमलं नव्हतं. यंत्र माझ्या हातातून पडत होतं. तिचा हातमोजा बर्फावर राहिला होता, तो आल्मूटला दिसला, म्हणून आम्ही तिथं उकरलं. नाहीतर मी तिला शोधू शकलो नसतो. हे बुर्गाला माहीत आहे. तुला माहीत असायला हवं."

आल्बान लंगडत त्याच्यापर्यंत आला. मग त्यानं त्याच्या हातातलं फावडं घेतलं, आपलंही उचललं, आणि दोन्ही खांद्यावर टाकून घराकडे निघाला.

जेवताना त्यानं धुरावलेल्या मांसाचा चांगला जाड तुकडा कापून लीवनच्या ताटात घातला. पण बुर्गाच्या शेजारी मात्र तो स्वतः बसला, आणि दुसऱ्या बाजूला झेंझीला बसवलं.

मी निघाले तेव्हा तो मला कुंपणापर्यंत सोडायला आला.

"काय वाटतं मग?" मी विचारलं.

"माणूस चांगला आहे गं, मेना," तो म्हणाला. "वाईट असता तर किती बरं झालं असतं."

आत बुर्गा कशावरून तरी मोठ्यानं हसली. आल्बाननं झटकन वळून खिडकीकडे पाहिलं आणि मला नीट निरोपही न देता तरातरा आत गेला.