डब्यावरचा ठेका

नव्वदच्या दशकात मी सणसरहून सकाळच्या एसटीनं बारामतीला कामावर जायचो. तेव्हा एक माणूस रोज माझ्या शेजारी बसायचा. एमआयडीसीत दुधाचे कॅन धुवायचा. सोड्यानं हातांना भेगा पडलेल्या. वयानं मोठा, म्हणून मी तात्या म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही.

गाडी सुटली की खिडकीकडं तोंड करून, जेवणाच्या डब्यावर दोन बोटांनी ठेका धरून तो अगदी हळू गायचा. गाणं त्यानंच रचलेलं, पूर्वी स्वतःच्या मेंढरांपुढं चालताना. रान उसाखाली गेलं, मेंढरं विकावी लागली, तेव्हा त्यानं शेवटी एक कडवं वाढवलं. ते म्हणताना मात्र बोटं थांबायची.

एकदा रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी थांबली. तात्यानं गाणं अर्ध्यावरच तोडलं आणि घाईघाईनं खिडकीची काच ओढून घेतली.

मी विचारलं, "का थांबलात?"

कळपावरची नजर न काढता तो पुटपुटला, "ह्यात माझी बी असतील. आवाज वळखला तर गाडीमागं पळत येतील. मग कुठं न्हेऊ त्यास्नी?"