सुशीलाक्कांची पदं आणि मी वाचवलेली वीज

मैत्रिणींनो, आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. क्षमा दरवर्षीच मागतो आपण, पण आज निपाणीला सुशीलाक्कांच्या दारात उभी राहिले ती खरोखरची चूक घेऊन.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, म्हणायची जुनी पदं आक्कांनी तोंडपाठ सांगायची आणि मी वही न करता थेट बस्तीतल्या कॉम्प्युटरवर उतरवायची, असं वर्षभर चाललं. एका जागी भरली की वेबसाइटवर आणि मोबाइल अ‍ॅपवर दोन्हीकडं दिसायची. पुतणी स्नेहलनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "काकू, हे सगळं इंटरनेटवर जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडं ठेवूया? महिन्याला पैसे पडतील, पण सांभाळायचं काम त्यांचं. आपल्या मशीनवर ठेवलं तर सगळं तुम्हालाच बघावं लागंल."

मी म्हटलं, "आपलंच बरं. फुकट."

दुसरी प्रत काढून ठेवायचं मी टाळत गेले. वर रोज बस्ती बंद करताना मशीन भिंतीवरच्या बटणानंच बंद करायची, रात्री कोण बघतंय, वीज कशाला जाळायची म्हणून. परवा ते सुरूच झालं नाही. रोज असं झटक्यात बंद करून डिस्क खराब झाली, म्हणाली स्नेहल. सगळी पदं गेली.

आक्कांनी ऐकलं आणि माझा हात धरला. "क्षमा केली गं. मुद्दाम केलंस व्हय? बस, परत सांगते."

डोळे मिटून त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. "पुढं काय गं? तूच लिवलंयस न्हवं?"

मलाही आठवेना.

तुमच्यापैकी कुणी आक्कांची पदं ऐकली असतील, एखादी ओळ जरी आठवत असेल, तर खाली लिहाल का?